आधी ठिकाण सांग, मग काय झालं ते सांग

वाचक ताईंचं पत्र:

ताई नमस्कार, मी चोपडा तालुक्यातली आहे. आम्ही गावात नाही, मळ्यात राहतो, सासू सासरे, मी अन् दोन पोरं. मिस्टर सुरतला कामाला असतात. मागच्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं अन् ते घामाने ओलेचिंब झाले. मी आधी मिस्टरांना फोन केला, त्यांनी तिकडून १०८ लावला तर तो गुजरातमध्येच लागला. मग मी इथून लावला. समोरची बाई विचारायला लागली जिल्हा कोणता, तालुका कोणता, वय किती, मला रडू फुटलं, मी नुसतं लवकर या ना लवकर या ना करत राहिले. चुलत दिराने फोन हिसकला, ओरडला अन् कट केला. मग त्याच फोनवरून नणंद, मामा, सगळ्यांना फोन चालू. गाडी आली पण फाट्यावर थांबून राहिली, तिला मळा सापडेना अन् आमचा फोन बिझी. शेवटी शेजारच्यांच्या बोलेरोत टाकून नेलं. सासरे वाचले, आता बरे आहेत. पण मला झोप लागत नाही. एवढे प्रश्न का विचारतात हो ते? अन् आम्ही घरात अहिराणी बोलतो, फोनवर शुद्ध मराठी आली की माझी जीभ अडखळते. पुन्हा असं काही झालं तर मी नेमकं काय बोलू?

– एक सून

अगं, सासरे बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. रात्री अकराला, मळ्यात, नवरा घरी नाही, दोन पोरं रडतायत आणि डोळ्यासमोर घरातलं मोठं माणूस घामाने भिजतंय, अशा वेळी भल्याभल्यांची वाचा बसते, त्यामुळे तू रडलीस यात काही चुकलं नाही. अडलं ते दुसरीकडेच. असा फोन कसा करायचा हे आपल्याकडे कोणी शिकवतच नाही, शाळेत नाही, ग्रामसभेत नाही, बचत गटाच्या मीटिंगमध्येही नाही, नंबर तेवढा भिंतीवर रंगवलेला असतो.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात बाकीचं सगळं आहे. ते एवढे प्रश्न का विचारतात? तू १०८ लावलास तेव्हा तो फोन चोपड्याला नाही लागला, जळगावलाही नाही, सगळ्या महाराष्ट्राचे १०८ चे फोन पुण्यातल्या कंट्रोल रूमला जातात. ११२ हा सगळ्या इमर्जन्सीचा नंबर लावलास तर तो नवी मुंबईत महापेला नाहीतर नागपूरला लागतो. म्हणजे तिथे बसलेल्या बाईला तुझा फाटा माहीत नाही, तुमचा मळा माहीत नाही, तिच्यासमोर अख्ख्या राज्याचा नकाशा आहे आणि त्यावर तुझं घर नेमकं कुठे ते तुझ्या बोलण्यातूनच तिला शोधायचंय. ठिकाण कळल्याशिवाय कुठली गाडी पाठवायची हेच तिला ठरवता येत नाही. आपण लवकर या लवकर या म्हणतो तेव्हा ती मनातून तयार असते गं, पण कुठे येऊ?

म्हणून ठिकाण सगळ्यात आधी. काय झालं हे नंतर. आपली सवय उलटी आहे, आपण आधी झालेलं सगळं सांगत बसतो, संध्याकाळी जेवले, मग म्हणाले गॅस झालाय, मग सोडा दिला, अन् तेवढ्यात फोन कट झाला, बॅटरी गेली, रेंज गेली, तर पलीकडच्याला काहीच कळलेलं नसतं. पण पहिल्या वाक्यात जिल्हा तालुका गाव सांगून झालं असेल तर नंतर फोन कट झाला तरी त्यांच्याकडे निदान धागा राहतो. जिल्हा जळगाव, तालुका चोपडा, मग गावाचं पूर्ण नाव. पूर्ण म्हणजे पूर्ण, बुद्रुक की खुर्द, आपल्या खान्देशात एका नावाची किती गावं आहेत तुला माहीतच आहे, पिंप्री, वडगाव, टाकळी, पिंपळगाव, तालुक्या तालुक्यात सापडतात. चाळीसगावकडे तर टाकळी प्र.चा. वेगळं अन् टाकळी प्र.दे. वेगळं. घरच्या माणसाला नुसतं टाकळी म्हटलं तरी कळतं, पुण्यात बसलेल्या माणसाला नाही कळत.

गावाच्या पुढे तुझा खरा प्रश्न आहे तो मळ्याचा. मळ्याला घर नंबर नाही, गल्ली नाही, आणि रात्री केळीच्या बागा सगळ्या सारख्याच दिसतात. इथे रस्त्यावरून दिसणारी अन् न हलणारी खूण सांगायची. अमुक गावाहून तमुक गावाकडे जाताना डाव्या हाताला मरीआईचं मंदिर, त्याच्या पुढे पाटचारीचा पूल, पूल ओलांडला की उजवीकडे कच्चा रस्ता, तिथे डीपी आहे, डीपीपासून आत तिसरं घर. डीपीवर किंवा विजेच्या खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तोही लिहून ठेव. अंतर किलोमीटरमध्ये सांग, चिंचेपासून थोडंसं पुढे असं नको, थोडंसं म्हणजे ड्रायव्हरला काय कळणार.

आणि हे सगळं त्या वेळी आठवणार नाही, कुणालाच आठवत नाही, म्हणून आजच्या आज एक कागद घे. मोठ्या अक्षरात लिही, जिल्हा, तालुका, गाव, फाट्यापासूनचा रस्ता, खुणा, घरातले दोन मोबाईल नंबर, सासऱ्यांचं अन् सासूबाईंचं वय, त्यांना बीपी शुगर काय आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी. तुझ्या स्मार्टफोनवर गुगल मॅप उघडून आपल्या घरावर बोट दाबून धरलंस की दोन आकडे येतात, तुमच्या भागात एक २१ ने सुरू होईल अन् एक ७५ ने, ते आकडे पॉइंटासकट पूर्ण उतरवून घे, गाडीच्या ड्रायव्हरला ते वाचून दाखवले तर तो मॅपवर टाकून थेट तुझ्या अंगणात येऊ शकतो. हा कागद चार्जिंगच्या बोर्डाशेजारी चिकटव, कपाटात नको, देव्हाऱ्यामागे नको. घाबरलेलं माणूस आठवून बोलू शकत नाही पण वाचून बोलू शकतं, आणि कागद असला की सासूबाई किंवा पोरगासुद्धा फोन करू शकतो.

ठिकाण सांगून झालं की एका वाक्यात काय झालं ते. माणूस ६५ वर्षांचा, छातीत दुखतंय, घाम येतोय, अर्ध्या तासापासून. बस. मग ती विचारेल शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, आधी कधी अटॅक आलाय का. हे प्रश्न वेळकाढूपणा नाहीत. १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटर वगैरे मोठी यंत्रं, बाकीच्या ७०४ साध्या, म्हणजे सगळ्या गाड्या एकसारख्या नसतात, कुणाकडे कोणती पाठवायची हे तुझ्या उत्तरांवर ठरतं. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत, हेही गावात अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, खर्चाच्या भीतीने फोनच करत नाहीत लोक. त्यामुळे जे विचारतील त्याचं सरळ उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचं नाही.

आता फोनचं. माझ्या मते तुमच्या घरात त्या रात्री सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. ज्या फोनवरून १०८ लावला तो फोन त्यानंतर कुणालाही लावायचा नाही. नणंदेला नाही, मामांना नाही, मिस्टरांनाही नाही. गाडीतले डॉक्टर किंवा ड्रायव्हर त्याच नंबरवर उलट फोन करतात, कुठून वळू, कोणता पूल, आणि तो बिझी लागला की गाडी फाट्यावर उभी. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून सांगा, किंवा एकाला सांगा अन् तो बाकीच्यांना सांगेल. फोन एकाच माणसाच्या हातात ठेवा, आणि तो आपण आपल्या मनाने कट करायचा नाही, समोरचा ठेवा म्हणेल तेव्हाच ठेवायचा. स्पीकरवर टाकला की हात मोकळे राहतात, पेशंटजवळ बसून बोलता येतं. दिराचा राग मी समजू शकते, जीव तुटत होता त्याचा, पण पुढच्या वेळी त्याला दुसरं काम दे. त्याला मोटारसायकल घेऊन फाट्यावर पाठव, हातात बॅटरी, गाडी दिसली की बॅटरी हलवायची आणि तिच्यापुढे मोटारसायकल चालवत मळ्यापर्यंत आणायची. ओरडण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे. घरी अंगणातले सगळे दिवे लावा, कुत्रं बांधा, ट्रॅक्टर रस्त्यात उभा असेल तर बाजूला घ्या.

शेजारच्यांच्या बोलेरोत नेलं ते चूक केलं का? नाही. गाडी यायला फार वेळ लागणार असेल आणि हाताशी वाहन असेल तर तेही करावं लागतं आपल्याकडे. फक्त १०८ ला तसं सांगायचं, आम्ही निघालोय, अमुक रस्त्याने चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे येतोय, म्हणजे गाडी वाटेत भेटू शकते, नाहीतर ती गाडी तुमच्या रिकाम्या घराकडे जाते आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाला तरी मिळत नाही. आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, चालवत तर अजिबातच नेऊ नका. शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी आणून देतात लोक, ती बीपी एकदम खाली आणू शकते, फोनवर किंवा गाडीतल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नका. माणूस बेशुद्ध पडला, हलवून हाक मारली तरी ओ देत नाही आणि श्वास चालत नाही किंवा नुसते आचके येतायत, तर सपाट जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलं की दुसऱ्याने घ्यायचं.

सुरतचं बोलू. हे आपल्या खान्देशात घराघरात आहे, कर्ता माणूस सुरतला किंवा नाशिकला, मग घरी काही झालं की पहिला फोन त्याला. त्याला सांगावंसं वाटणारच, पण १०८ अन् ११२ हे नंबर जिथून लावले त्या राज्यात लागतात, सुरतहून लावला तर गुजरातच्या माणसाला लागतो. म्हणून पहिला फोन घटनेच्या जागेवरच्या माणसाने करायचा, मिस्टरांना त्यानंतर. त्यांना लांबून मदत करायचीच असेल तर त्यांनी गावातल्या दोन-तीन गाडीवाल्यांचे नंबर, आशाताईंचा नंबर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा, तालुक्याच्या दवाखान्याचा लँडलाईन असं सगळं आधीच जमवून तुला लिहून द्यावं, तिकडून त्यांनी गाडीवाल्याला उठवावं. आणि हीच गोष्ट सीमेवरच्या गावांना पण लागू, रावेरच्या वरची गावं, शिरपूरकडची, नवापूर, अक्कलकुवा, तिथे मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचं टॉवर धरतो आणि फोन मध्य प्रदेशात नाहीतर गुजरातेत जाऊ शकतो. तिथल्या लोकांनी पहिला शब्दच महाराष्ट्र म्हणायचा, मग जिल्हा.

धडगाव अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून अजून बांबूच्या झोळीत पेशंट रस्त्यापर्यंत आणावा लागतो, तिथे रेंजच नाही तर फोन कसला, त्या बायांना मी एवढंच सांगेन की बाळंतपणाची तारीख जवळ आली की आधीच खाली या, आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांसाठी माहेरघराची योजना आहे, तिथे बाळंतपणाआधी येऊन राहता येतं, आशाताईंना विचारा. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी वेगळी आहे, ती पण फुकट.

अहिराणीचं म्हणतेस ते वाचून मला वाईट वाटलं गं. भाषेची लाज बाळगून तू गप्प बसलीस तर नुकसान तुझ्या माणसाचं. तू तुझ्या बोलीत बोल, फक्त सावकाश बोल. मन्हा सासरानी छाती दुखी ऱ्हायनी, घाम ई ऱ्हायना, यातलं छाती, घाम, दुखणं कुठल्याही मराठी माणसाला कळतं. गावाचं नाव दोनदा सांग आणि तिला परत म्हणून दाखवायला सांग, मॅडम तुम्ही काय लिहिलं ते वाचा ना. यात उद्धटपणा काही नाही, उलट त्यांनाही ते हवंच असतं. हिंदी जमत असेल तर हिंदीत बोल, तेही चालतं.

दुसरं काही झालं तर काय बोलायचं तेही सांगते, कारण पत्र तुझं आहे पण वाचणाऱ्या तुझ्यासारख्या कितीतरी आहेत.

साप चावला तर कधी चावला ती वेळ सांगायची, कुठे चावला ते सांगायचं, आणि दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का ते विचारून कुठे यायचं ते पक्कं करायचं. साप मारायला किंवा पकडायला धावू नका, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच इंजेक्शन चालतं, साप पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, पाय हलवायचा नाही, आणि भगताकडे तर आधी नाहीच नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कधीकधी दुखतही नाही, पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून सांगतात, तेव्हाही सापाची शंका फोनवर बोलून दाखवा.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं जडावलं तर लकवा. इथे शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ फार महत्त्वाची, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देणारा दवाखाना सगळीकडे नसतो, म्हणून सकाळी बघू म्हणून रात्र घालवू नका.

आणि कपाशीच्या भागात राहतो म्हणून हे सांगायलाच हवं. फवारणीचं औषध अंगावर गेलं, चुकून पोटात गेलं, किंवा कुणी जीवावर उदार होऊन घेतलं, तर फोनवर खरं सांगा. पोलीस केस होईल म्हणून घरचे पोट दुखतंय, चक्कर आली असं सांगतात आणि डॉक्टर भलतंच काहीतरी शोधत बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार नाही, प्रचंड ताणाखाली असलेला माणूस समजतात, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे आहेत. बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. घरात कुणी फार खचलेलं वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, दिवसरात्र चालू असतो.

रस्त्यावर अपघात दिसला, लळिंग घाटात म्हण, चाळीसगावच्या घाटात म्हण, तर हायवेचा किलोमीटरचा दगड वाचून सांगायचा आणि गाड्यांचं तोंड कुठल्या गावाकडे आहे ते. रेल्वे रुळाजवळ असेल तर विजेच्या खांबावर आकडा असतो तो. जखमी किती आहेत, कुणी गाडीत अडकलंय का, टँकर आहे का हे सांगा. साक्षीला बोलावतील म्हणून लोक न थांबता निघून जातात, पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर केस नाही.

विजेचा शॉक असेल तर माणसाला हात लावायच्या आधी मेन बंद, वायरमनला फोन. जुन्या विहिरीत कुणी गुदमरून पडलं तर मागोमाग उतरू नका, एकामागे एक जातात अशाने, ११२ ला सांगा विहिरीत गॅसची शंका आहे. आग असेल तर १०१ बरोबरच तालुक्याच्या नगरपालिकेच्या अग्निशमनचा थेट नंबर कागदावर असू दे, बंब तिथूनच येणार आहे, आणि काय जळतंय ते सांगा, कडबा, कापूस की गॅस सिलिंडर.

एवढे नंबर लक्षात राहत नसतील तर एकटा ११२ पुरे, पोलीस, आग, अ‍ॅम्ब्युलन्स तिन्हींसाठी तो आहे. बॅलन्स संपला तरी लागतो, आणि आपल्या सिमला रेंज नसली पण दुसऱ्या कंपनीची असली तरी लागू शकतो, म्हणून नो सर्व्हिस दिसलं तरी एकदा लावून बघायचाच. नाही लागला तर गच्चीवर नाहीतर बांधावर जा, जिथे रोज रेंज येते ती जागा तुला माहीत असेलच, तीही त्या कागदावर लिही. पुष्कळ स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीन किंवा पाच वेळा दाबलं की आपोआप इमर्जन्सी फोन लागतो, तुझ्या फोनमध्ये कसं आहे ते सेटिंगमध्ये बघून ठेव, पण खरंच लागतो का म्हणून गंमत म्हणून लावून बघू नको, तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचा तरी फोन थांबतो. पोराच्या हातून चुकून लागलाच तर घाबरून कट न करता चुकून लागला एवढं सांग.

आता मोठ्या पोराला एक दिवस जवळ बसव, खेळण्यातला फोन किंवा बंद मोबाईल त्याच्या हातात दे, तू पुण्याची बाई हो अन् त्याला कागद वाचून सगळं सांगायला लाव, मध्येच त्याला उलटेसुलटे प्रश्न विचार. सासूबाईंनाही बसव, त्यांना वाचता येत नसेल तर निदान जिल्हा, तालुका, गाव, फाटा एवढं पाठ होऊ दे. आणि सासऱ्यांच्या गोळ्या चालू आहेत ना? बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करतात आपली माणसं, पुढची तपासणीची तारीख चुकवू नका, डिस्चार्जचा कागद त्या भिंतीवरच्या कागदाच्या मागेच पिन करून ठेव, पुढच्या डॉक्टरांना तो लगेच लागतो.